साताऱ्याच्या बुध गावचे सुखात्मे : जगात उपाशी किती, हे मोजायला शिकवणारा माणूस

सातारा जिल्ह्यात वर्षाला सरासरी किती पाऊस पडतो, असं कुणी विचारलं तर उत्तर म्हणून एक आकडा मिळतो. पण त्या आकड्याचा उपयोग ना महाबळेश्वरच्या माणसाला, ना म्हसवडच्या. महाबळेश्वरात साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावात पाचशेच्या घरात पडला तरी लोक देवापुढं नारळ फोडतात. शेजारच्या सांगलीतही तीच तऱ्हा. शिराळ्यात भाताची लावण चालू असते तेव्हा जतला टँकरची वाट बघणं चालू असतं. सगळ्याची सरासरी काढली की कागदावर जिल्हा मात्र मजेत दिसतो.

सरासरीच्या मागं काय दडलंय हे शोधण्यात ज्या माणसानं आयुष्य घालवलं, तो याच दुष्काळी पट्ट्यात जन्मला. गाव बुध, तालुका खटाव. नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जगात उपाशी माणसं किती, हे मोजायची जी पद्धत आज संयुक्त राष्ट्रसंघाची अन्न आणि कृषी संघटना वापरते, तिचं मूळ या माणसाच्या कामात आहे. आणि गंमत म्हणजे, त्यांच्या पद्धतीवर सर्वात धारदार टीका करणाऱ्यांमध्ये दुसरा एक सातारकरच होता.

सुखात्म्यांचा जन्म २७ जुलै १९११ चा. तेव्हा सांगली नावाचा जिल्हा नव्हता. आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच मोडायचे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. या पट्ट्यानं सुखात्म्यांच्या जन्माआधीच्या पस्तीस वर्षांत तीन मोठे दुष्काळ पाहिले होते : १८७६ ते ७८ चा, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. घराघरांत म्हातारी माणसं त्या दुष्काळांच्या गोष्टी सांगायची, असा तो काळ.

पोरगा गणितात हुशार निघाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमधून १९३२ मध्ये पदवी घेतली, मुख्य विषय गणित, जोडीला पदार्थविज्ञान. आणि १९३३ मध्ये स्वारी थेट लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाली.

आता लंडनचं हे कॉलेज का महत्त्वाचं, ते समजून घ्यायचं तर आधी आयतालेख समजून घ्यावा लागतो.

दहावीच्या गणितात आयतालेख सगळ्यांनीच काढलेला असतो. इंग्रजी माध्यमवाले त्याला हिस्टोग्राम म्हणतात. आकड्यांचा एक लांबलचक रकाना असतो, त्याचे कप्पे पाडायचे आणि कुठल्या कप्प्यात किती आकडे पडले ते मोजून तेवढ्या उंचीचे खांब उभे करायचे. बस्स. दोन गावं घ्या, दोन्हीकडं दहा-दहा माणसं. पहिल्या गावात दोघं जण दिवसाला तीन भाकरी खातात, सहा जण चार आणि दोघं पाच. दुसऱ्या गावात पाच जण दोनच भाकरी खातात आणि पाच जण सहा.

पहिलं गाव
३ भाकरी : * *
४ भाकरी : * * * * * *
५ भाकरी : * *

दुसरं गाव
२ भाकरी : * * * * *
६ भाकरी : * * * * *

दोन्ही गावांची सरासरी चार भाकरी. पण पहिल्या गावात सगळे जेवून झोपतात आणि दुसऱ्यात निम्मं गाव अर्धपोटी. सरासरी सांगणारा अधिकारी दोन्ही गावांचा अहवाल एकाच शब्दांत लिहील. चांदण्यांचं चित्र बघणारा लिहिणार नाही.

आज हे काम करायला डोकं लागत नाही. संगणकाच्या काळ्या पडद्यावर एका ओळीची कमांड टाकायची : फाइलचं नाव, कितवा रकाना, एका कप्प्याची रुंदी किती. प्रोग्रॅम एकेक ओळ वाचतो, आकड्याला रुंदीनं भागतो, अपूर्णांक टाकून देतो, जो पूर्णांक उरला तो कप्प्याचा नंबर आणि त्या कप्प्यात एकाची भर घालतो. १९७७ मध्ये बेल लॅबमध्ये तयार झालेल्या ऑक या छोट्या भाषेत तर हा सगळा मामला दोन-तीन ओळींत उरकतो. लाखो ओळींचा रकाना असला तरी चहाचा कप हातात येईपर्यंत चांदण्या पडद्यावर. फक्त दोन गोष्टी हा प्रोग्रॅम सांगत नाही. कप्पा केवढा ठेवायचा आणि त्या चित्रात उपाशी कुठं संपतात नि पोट भरलेले कुठून सुरू होतात. त्या माणसानं ठरवाव्या लागतात. सुखात्म्यांचं सगळं आयुष्य या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरलं.

तर हिस्टोग्राम हा शब्द ज्यांनी १८९० च्या दशकात रूढ केला ते कार्ल पिअर्सन लंडनच्या याच कॉलेजातले. सुखात्मे पोचले त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि त्यांच्या विभागाचे दोन तुकडे पडले. एक त्यांचा मुलगा एगॉन पिअर्सन यांच्याकडं, दुसरा रोनाल्ड फिशर यांच्याकडं. १९३४ मध्ये पोलंडहून येर्झी नेमन येऊन दाखल झाले. आज संख्याशास्त्राच्या पुस्तकात ज्यांची नावं पानापानावर येतात ती सगळी मंडळी एका इमारतीत होती आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. फिशर आणि नेमन यांच्यात तर १९३५ पासून जे वाजलं ते मरेपर्यंत मिटलं नाही.

खटावच्या या विद्यार्थ्यानं मात्र दोन्ही घरचं जेवण घेतलं. नेमन यांच्या वाटेनं जाऊन त्यांनी नमुना पाहणीवर काम केलं आणि फिशर यांच्या एका कसोटीसाठी लागणारे आकड्यांचे तक्तेही तयार केले. फिशर आणि येट्स यांच्या प्रसिद्ध तक्त्यांच्या पुस्तकात पुढं सुखात्म्यांचे तक्ते आले. तेव्हा असले तक्ते म्हणजे हातानं दांडा फिरवायच्या ब्रुन्सविगासारख्या गणनयंत्रावरची हमाली. एकेक आकडा फिरवून काढायचा.

नमुना पाहणी म्हणजे काय, तर शितावरून भाताची परीक्षा. पण शीत कुठून उचलायचं यात खरी मेख. साताऱ्यात शंभर गावं निवडून पिकाचा अंदाज घ्यायचा असेल तर डोळे मिटून चिठ्ठ्या काढण्यापेक्षा आधी जिल्ह्याचे घाटमाथा, मधला पट्टा, दुष्काळी पट्टा असे थर पाडलेले बरे. नेमन यांचं म्हणणं होतं की जो थर मोठा आणि जिथं शेताशेतात जास्त फरक, तिथून जास्त गावं घ्यायची. अडचण अशी की कुठं किती फरक आहे हे पाहणीच्या आधी कुणाला माहीत असतं? सुखात्म्यांनी १९३५ च्या आपल्या लेखात दाखवलं की आधी एक छोटी चाचपणी करून फरकाचा कच्चा अंदाज घेतला तरी भागतं. ज्या देशात पैसाही कमी आणि माणसंही कमी, त्या देशासाठी हा फार कामाचा निष्कर्ष होता. १९३६ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली, १९३९ मध्ये डी.एस्सी.

भारतात परत आल्यावर काही काळ कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य संस्थेत संख्याशास्त्र शिकवलं आणि १९४० मध्ये ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. तिथं त्यांच्या हाताखाली वाढलेल्या संख्याशास्त्र शाखेतूनच आजची भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था उभी राहिली. १९४३ मध्ये बंगालचा दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली आणि देशात धान्य नेमकं किती पिकतं हे कुणालाच धड माहीत नाही, हे सरकारच्या लक्षात आलं.

कसं माहीत असणार? पीक मोजायची पद्धत होती आणेवारीची. गावकामगार बांधावर उभं राहायचे, नजर फिरवायचे आणि रुपयात इतके आणे पीक, असं ठोकून द्यायचे. साऱ्याची सूट त्या आणेवारीवर अवलंबून. मग नजर कुणीकडं झुकायची ते सांगायची गरज नाही.

यावर उपाय म्हणजे पीक कापणी प्रयोग. चिठ्ठीनं गाव निवडायचं, चिठ्ठीनं शेत निवडायचं, त्या शेतात चिठ्ठीनंच एक जागा ठरवून दोरीनं चौकट आखायची, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी ही पद्धत देशभर पोचवली. या दोघांचं शेतकी संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ मध्ये आलं. आजही कृषी विद्यापीठात प्रबंध लिहिणाऱ्या पोरांच्या तोंडी पानसे-सुखात्मे हे जोडनाव एका माणसाचं असल्यासारखं असतं.

पण चौकट केवढी आखायची? इथं सुखात्म्यांची गाठ पडली थेट प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी. महालनोबिस म्हणजे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक, देशातलं या विषयातलं सर्वात मोठं नाव. त्यांचा कल छोट्या गोलाकार तुकड्यांकडं. दोनचार फूट त्रिज्येचं वर्तुळ कापायचं, काम झटपट, माणसं कमी, जास्त ठिकाणी जाता येतं. सुखात्म्यांचं म्हणणं, छोटा तुकडा उत्पन्न फुगवून सांगतो.

कारण साधं आहे आणि शेतकऱ्याला लगेच पटेल असं. चौकटीच्या अगदी कडेवर आलेलं ताट आत धरायचं की बाहेर? कापणारा माणूस, मुद्दाम नाही तरी, त्याला आत ओढतो. मोठ्या चौकटीत कड कमी आणि पोट जास्त, म्हणून अशी दोनचार ताटं खपून जातात. २ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस फूट आणि त्याचा घेरही सुमारे साडेबारा फूट. म्हणजे प्रत्येक चौरस फुटामागं एक फूट कड. तेच ३३ बाय साडेसोळा फुटांची चौकट घेतली, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग, तर क्षेत्रफळ सुमारे ५४५ चौरस फूट आणि कड फक्त ९९ फूट. प्रत्येक चौरस फुटामागं कड एक पंचमांश फुटापेक्षाही कमी. चुकायला जागाच साडेपाच पट कमी.

सुखात्म्यांनी एकाच भागात वेगवेगळ्या आकाराचे तुकडे कापून तुलना केली आणि छोट्या तुकड्यांचा आकडा वर जातो हे दाखवलं. १९४६ मध्ये हा वाद विलायतेच्या ‘नेचर’ या साप्ताहिकाच्या पानांवर पोचला. महालनोबिस यांनी उत्तर दिलं, नीट शिकवलेली माणसं असली तर छोट्या तुकड्यातही चूक होत नाही, असा त्यांचा रोख. दोघांचंही आपापल्या जागी खरं असेल. पण सरकारी पाहणीत शिकवलेली माणसं किती मिळतात, याचा अंदाज सुखात्म्यांना जास्त असावा. आणि हा वाद केवळ विद्वानांच्या मानापमानाचा नव्हता. देशात धान्य आहे त्यापेक्षा जास्त दिसलं तर बाहेरून मागवायचं राहून जातं. बंगालात ते कशावर बेततं हे नुकतंच दिसलेलं होतं.

३३ बाय साडेसोळा फूट म्हणजे मीटरमध्ये जवळजवळ १० बाय ५. पीक विम्याच्या भरपाईसाठी आपल्या मंडळात कापणी प्रयोग कसा झाला म्हणून तहसीलसमोर भांडणारा खटाव किंवा आटपाडीचा शेतकरी ज्या दोरीच्या चौकटीवरून भांडतो, तिच्यामागं इतका मोठा इतिहास आहे.

१९४७ मध्ये भारतीय कृषी सांख्यिकी सोसायटी निघाली. अध्यक्ष राजेंद्र प्रसाद, चिटणीस सुखात्मे. १९५१ मध्ये मात्र त्यांनी देश सोडला. अन्न आणि कृषी संघटना त्याच वर्षी वॉशिंग्टनहून रोमला हलली होती, तिथं ते संख्याशास्त्र शाखेचे प्रमुख म्हणून गेले आणि पुढं संचालक म्हणून १९७० पर्यंत राहिले.

रोममध्ये त्यांच्यापुढं जो प्रश्न आला तो साधासुधा नव्हता. जगात उपाशी किती?

त्या काळी एक उत्तर फार गाजत होतं. या संघटनेचे पहिले महासंचालक आणि शांततेच्या नोबेलचे मानकरी लॉर्ड बॉइड ऑर यांनी १९५० मध्ये म्हटलं होतं की जगातली दोन तृतीयांश माणसं भुकेली किंवा कुपोषित आहेत. आकडा लोकांच्या मनात बसला. भाषणांत, वर्तमानपत्रांत, देणग्या गोळा करायच्या पत्रकांत सगळीकडं दोन तृतीयांश. पण तो आला कुठून? देशाची सरासरी गरज इतक्या कॅलरीची, देशात माणशी इतकं अन्न उपलब्ध. गरजेपेक्षा कमी असेल तर अख्खा देश भुकेला. म्हणजे पुन्हा तेच, महाबळेश्वर आणि म्हसवड यांची सरासरी.

सुखात्म्यांनी काय केलं, तर सरासरी सोडून पसरण पकडली. देशातल्या माणसांच्या खाण्याचा रकाना डोळ्यांपुढं आणला. कुणी कमी खातो, कुणी जास्त. पण गरजही सगळ्यांची सारखी नसते. सुदृढ, खातीपिती हजार माणसं घेतली तरी त्यांतल्या साधारण निम्म्यांचं खाणं सरासरी गरजेच्या खालीच असणार, कारण त्यांना तेवढंच लागतं. त्या निम्म्यांना उपाशी म्हणायचं का? उघडच नाही. मग रेषा सरासरीवर न मारता खाली मारायला हवी, इतकी खाली की तिच्याखाली जाणारा माणूस तब्येतीनं धड असण्याची शक्यताच फार थोडी उरेल.

हे सगळं त्यांनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढं मांडलं. निष्कर्ष असा : पोटाला पुरेसं न मिळणारे लोक जगाच्या १० ते १५ टक्के. तेव्हा जगाची लोकसंख्या तीन अब्जांच्या आसपास, म्हणजे ३० ते ४५ कोटी माणसं. आणि उपासमार किंवा निकस आहार, यांपैकी एक तरी दुखणं असलेले धरले तर निम्म्यापर्यंत जग. बॉइड ऑर यांचा आकडा त्यांनी खाली आणला, पण त्यात दोन वेगवेगळी दुखणी एकत्र झाली होती हेही दाखवून दिलं. पोट न भरणं वेगळं आणि भरलेल्या पोटात सत्त्व नसणं वेगळं. उपायही वेगळे. पुढं सोसायटीनं त्यांना गाय पदक दिलं. (हे गाय म्हणजे आपली गाय नव्हे, विल्यम गाय नावाच्या इंग्रज डॉक्टरच्या नावाचं पदक.)

त्याच दशकात जगाला प्रथिनांचं खूळ लागलं होतं. गरीब देशांतल्या माणसांना प्रथिनं मिळत नाहीत, मोठं संकट येतंय, माशांची भुकटी करा, प्रथिनांची बिस्किटं वाटा. १९६८ मध्ये तर संयुक्त राष्ट्रसंघाचा अहवालच आला. सुखात्म्यांनी भारतातल्या आहाराचे आकडे पुन्हा तपासले आणि त्यांना वेगळंच दिसलं. ज्यांना प्रथिनं कमी पडत होती त्या बहुतेकांना अन्नच कमी पडत होतं. माणूस अर्धपोटी राहिला की शरीर प्रथिनंसुद्धा सरपणासारखी जाळतं. तोच माणूस ज्वारीची भाकरी आणि मटकीची आमटी पोटभर खाईल तर प्रथिनांचा प्रश्न बऱ्याच अंशी आपोआप सुटतो. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांचंही म्हणणं साधारण याच अंगाचं होतं. सत्तरच्या दशकात ते प्रथिनांचं वारं विरलं. इथवर सुखात्मे आणि गोपालन एका बाजूला होते हे लक्षात ठेवायचं, कारण पुढं ते समोरासमोर आले.

१९७० नंतर सुखात्मे पुण्यात परतले. आणि इथं त्यांच्या आयुष्यातला सर्वात वादग्रस्त भाग सुरू झाला.

१९७१ च्या जानेवारीत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून एक अभ्यास बाहेर आला, ‘भारतातील दारिद्र्य’ या विषयावरचा. लेखक वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ. दांडेकरांचा जन्म साताऱ्याचा, १९२० चा. त्यांनी माणशी रोज २,२५० कॅलरी ही खूण धरली आणि तेवढं अन्न घेणारं कुटुंब साधारण किती खर्च करतं ते पाहिलं. १९६०-६१ च्या भावानं खेड्यात महिना माणशी १५ रुपये, शहरात साडेबावीस. यापेक्षा कमी खर्च करणारे गरीब. हिशेब निघाला, खेड्यात ४० टक्के आणि शहरात ५० टक्के. दारिद्र्यरेषा हा शब्द जो पुढं निवडणुकीच्या भाषणांपासून रेशनकार्डापर्यंत पोचला, त्याच्या मुळाशी हा अभ्यास मोठाच आहे.

सुखात्म्यांना ही २,२५० ची रेषा खटकली. रोममध्ये जे सांगितलं तेच त्यांनी आता घरी सांगायला सुरुवात केली. हा आकडा सरासरी गरजेच्या घरातला आहे, त्याच्याखालचा प्रत्येक जण कुपोषित नव्हे. समजा गरजेतला फरक १५ टक्के धरला आणि त्याच्या दुप्पट खाली उतरलं, तर रेषा येते १,५७५ कॅलरीवर. उपाशी माणसांची संख्या धाडकन खाली येते.

पण ते तिथं थांबले नाहीत. कॅलिफोर्नियातले शेल्डन मार्गेन यांच्यासोबत त्यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. ब्रिटिश जवानांच्या रोजच्या खाण्याच्या नोंदी तपासल्या तर एकाच माणसाचं खाणं दिवसादिवसाला, आठवड्याआठवड्याला वरखाली होताना दिसलं, तरी वजन जागच्या जागी. म्हणजे फरक फक्त माणसामाणसांत नाही, एकाच माणसाच्या आतही आहे. आजचं खाणं कालच्याशी धाग्यानं जोडलेलं आहे आणि शरीर एका मर्यादेत स्वतःला जुळवून घेतं, कमी मिळालं तर काटकसरीनं जाळतं. सुखात्मे-मार्गेन सिद्धांत म्हणून हे जगभर गेलं.

यावर गदारोळ उठला. दांडेकरांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ मधून उत्तरं दिली. एखादा माणूस आज कमी आणि उद्या जास्त खात असेल तर ती वरखाली ठीक, पण गरीब कुटुंब वर्षानुवर्षं खालच्याच कप्प्यात असेल तर ती शरीराची लय कशी? ते कमी खातात कारण खिशात पैसे नाहीत. उत्पन्न वाढलं की खाणं वाढतं, हे पाहणीत स्वच्छ दिसतं. शिवाय गरिबी आणि कुपोषण या दोन गोष्टी एकच नव्हेत. दारिद्र्यरेषा पोटातलं मोजत नाही, ऐपत मोजते.

गोपालन यांचा आक्षेप डॉक्टरी होता. शरीर जुळवून घेतं म्हणजे काय करतं? उंची कमी ठेवतं, वजन कमी ठेवतं, हालचाल कमी करतं. पोर खेळायचं थांबतं, बाई दुपारी बसून राहते, मजूर अर्ध्या दिवसात थकतो. ही किंमत मोजून जगणं म्हणजे धडधाकट असणं नव्हे. तेव्हा अमेरिकेचे डेव्हिड सेकलर तर लहानखुरी पण निरोगी अशी कल्पना मांडत होते आणि त्यांचा लेख सुखात्म्यांनीच संपादित केलेल्या ग्रंथात आला होता, त्यामुळं गोपालन यांचा राग जास्तच. खात्यापित्या तरुण जवानांच्या नोंदी घेऊन ऊसतोड मजुराच्या पोटाबद्दल बोलता येतं का, हा प्रश्नही होताच.

या वादात आकडेमोड कुणाचीच फारशी चुकली नव्हती. तेच रकाने, तेच खांब. फक्त रेषा एकानं इथं मारली, दुसऱ्यानं तिथं, आणि मधल्या जागेत कोट्यवधी माणसं होती. टीकाकारांची भीती अशी की सरकारला खालची रेषा आवडेल, कारण तिनं काही खर्च न करता भूक कमी होते. सुखात्म्यांचा हेतू तसा नव्हता, पण ही भीती त्यांच्या उत्तरांनी पूर्ण गेली असं म्हणता येत नाही.

त्यांचा हेतू काय होता ते त्यांच्या पुण्यातल्या कामात दिसतं. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या माध्यमातून ते ग्रामीण आरोग्य आणि पोषणाकडं वळले. त्यांचं ठाम मत झालं होतं की नुसतं धान्य वाढवून भागत नाही. घाण पाणी पिऊन पोराला महिन्यातून दोनदा हगवण लागत असेल, पोटात जंत असतील, तर खाल्लेलं अंगी लागणार कसं? गळक्या घागरीत पाणी ओतत राहण्यापेक्षा भोक बुजवा. स्वच्छ पाणी, संडास, साफसफाई ही पोषणाचीच कामं आहेत, असा त्यांचा आग्रह. हा भाग त्यांच्या टीकाकारांनाही फारसा नाकारता आला नाही आणि नंतरच्या काळात पोषणाच्या योजनांत पाणी आणि स्वच्छता आली ती याच विचाराच्या वाटेनं.

सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. दांडेकर १९९५ च्या जुलैमध्ये गेले. त्यानंतर दीड वर्षानं, २८ जानेवारी १९९७ रोजी, पुण्यात सुखात्मे यांचं निधन झालं.

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयानं ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांसाठी त्यांच्या नावानं राष्ट्रीय पुरस्कार ठेवला. तो दिला गेला तो २९ जूनला, सांख्यिकी दिनी. आणि २९ जून हा वाढदिवस आहे महालनोबिस यांचा.

अन्न आणि कृषी संघटना आजही दरवर्षी जगातल्या उपाशी माणसांचा आकडा काढते. खाण्याच्या पसरणीचं चित्र घ्यायचं, सरासरी गरजेच्या बरीच खाली किमान गरजेची रेषा मारायची, तिच्याखालचा भाग मोजायचा, हा त्याचा सांगाडा. जागतिक भूक निर्देशांकातल्या चार घटकांपैकी एक घटक हाच आकडा. २०२२ मध्ये त्या निर्देशांकात भारत १२१ देशांत १०७ वा आला, तेव्हा केंद्र सरकारनं हा आकडा अवघ्या ३,००० लोकांच्या पाहणीवर बेतलेला आहे म्हणून आक्षेप घेतला. नमुना केवढा घ्यायचा आणि तो कुठून उचलायचा, यावरून पुन्हा भांडण सुरू झालं.